मग?

सात नंबरनं विचारलं, ‘बाई, तुमची येणी कोण घालत हुतं ल्हानपणी?’ आणि संयोगिता ‘वडील’ असं म्हणून गेली. म्हणायचं नव्हतं. तुरुंगातल्या माणसांसमोर स्वतःबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा नियम तिनंच घातलेला. हाताखाली संशोधन करणाऱ्या मुलामुलींना तो तिनं पुन्हा पुन्हा बजावलेला. गाव सांगायचं नाही, घरात कोण आहे ते सांगायचं नाही, मूलबाळ आहे की नाही तेही नाही. पण दुपार कलली होती, पंखा कुरकुरत होता, कोपऱ्यात भजनी मंडळाची पेटी खोळ घालून ठेवलेली होती, आणि समोरचा म्हातारा कितीतरी वेळ खोबरेल तेल, फणी, रिबिनी असलंच काहीबाही बोलत बसला होता. त्या बोलण्यानं तिची मान जरा सैलावली असावी. शब्द निसटला. सात नंबरचा चेहरा एकदम उजळला. इतक्या बैठकांत तो पहिल्यांदाच मोकळं हसला आणि म्हणाला, ‘मग तुमास्नी कळंल की.’

बैठक तिनं तिथंच आवरली. रेकॉर्डर बंद केला, बाहेर बसलेल्या हवालदाराला हाक मारली, आणि सात नंबर धोतराचा सोगा सावरत, जाता जाता तिला नमस्कार करून गेला. कामात नावं वापरायची नसत म्हणून नंबर. शिरोळकडचा माणूस, सत्तरीच्या आसपासचा, शेजाऱ्यांच्या नातीवर अत्याचार केला म्हणून शिक्षा भोगत असलेला. निकालपत्र संयोगितानं वाचलेलं होतं, त्यामुळे काय घडलं ते तिला ठाऊक होतं. पण तिच्या संशोधनाचा विषय घडलेलं नव्हे, घडलेल्याची गोष्ट ही माणसं स्वतःला कशी सांगतात हा होता. आणि त्यासाठी तिनं आपली एक रीत बसवली होती. ‘का केलं’ असं विचारायचंच नाही. का विचारलं की माणूस सबब सांगतो; दारू सांगतो, नशीब सांगतो, बायको माहेरी गेलेली सांगतो. त्याऐवजी फक्त ‘मग?’ म्हणायचं. हलक्या आवाजात, सपाट, रागलोभ काही न दाखवता, लहान मूल गोष्ट ऐकताना विचारतं तसं. माणूस गोष्ट पुढं नेतो, आणि जिथं त्याला पुढं जाता येत नाही तिथं उडी मारतो. ती उडी तिला हवी असायची. सात नंबरचीही तिला सापडली होती. ‘तिची आई दिसभर रानात, पोरीच्या केसाचा पार गुंता. मी त्याल लावायचो, इचरायचो, येणी घालायचो. त्या पोरीला माझ्याबिगर हुतं कोण?’ मग? ‘मग काय न्हाय. मग लोकं आली.’ तेल-फणी आणि लोकं यांच्यामध्ये आख्खं निकालपत्र होतं, आणि म्हातारा त्यावरून पाय न भिजवता पलीकडं गेला होता. एवढी चांगली उडी हाती लागल्यावर संशोधकाला आनंद व्हायला हवा. तिला तो झाला नाही.

कळंब्याच्या तुरुंगातून स्कूटरवरनं घरी येताना ती स्वतःवरच चिडली होती. एक शब्द गेला तोंडातून, एवढं काय त्यात? पण रागाच्या खाली दुसरंच काही हलत होतं. त्या माणसानं जणू तिच्या वडलांना बोटाला धरून आत नेलं होतं आणि आपल्या शेजारी बाकावर बसवलं होतं. दोघं म्हातारे आता तिथं बसले होते, तेलाच्या बाटलीसह, आणि तिनंच दार उघडून दिलं होतं.

तिचे वडील, आबा, म्हणजे हंबीरराव. शिवाजी पेठेत तालमीच्या फुटबॉल संघाचे एके काळचे गोलकीपर, आणि पोटापाण्याला उद्यमनगरात लेथ यंत्रावर कामाला. उजव्या हाताची करंगळी एका मॅचमध्ये मोडलेली, ती वाकडी ती वाकडीच राहिली. संयोगिताची आई शालूबाई गेली तेव्हा संयोगिता पहिलीत होती. केस कमरेपर्यंत. पेठेतल्या बायका म्हणाल्या, कापून टाका, बापय माणसाला काय जमणार हे. आबांनी कापले नाहीत. शेजारच्या बनाबाईंकडून ते वेणी घालायला शिकले. संध्याकाळी कामावरून आले की खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पदर बांधायचे आणि त्यावर सराव करायचे. काळे, ग्रीस मुरलेले, ओंजळीएवढे हात, आणि त्यात सुतळी. तालमीतले सोबती दारातून डोकावून चेष्टा करायचे, हंब्या, गोल वाचवायचं सोडून हे काय धरलंस? आबा हसायचेसुद्धा नाहीत. मग एका सकाळी त्यांनी तिला गुडघ्यांमध्ये बसवलं आणि वेणी घातली, इतकी करकचून की तिचे डोळे वर ओढले गेले आणि शाळेत बाईंनी विचारलं, रडलीस का गं? ती रडली नव्हती. मानेवर त्या वाकड्या करंगळीचा स्पर्श दिवसभर राहिला होता. आई गेल्यानंतरच्या सगळ्या अंधारात तिच्याकडं जपून ठेवण्यासारखं जे काही होतं, ते एवढंच.

आता ते सगळं पुन्हा सुरू होतं. धैर्यशील, तिचा नवरा, कोकणात रस्त्याच्या कामावर इंजिनिअर, पंधरवड्यातून एखादा रविवार घरी. तिचं कॉलेज आणि हे संशोधन. सात वर्षांच्या मोनाला बघायला कोणी हवं, म्हणून आबा पेठेतलं घर बंद करून फुलेवाडीला तिच्या फ्लॅटवर राहायला आलेले. रोज पहाटे तालमीत जाऊन यायचे, मोनाला शाळेला सोडायचे, आणायचे, आणि रविवारी न्हाणं झालं की गॅलरीत पाटावर बसून तिची वेणी घालायचे. हात तसेच मोठे, आता थोडे थरथरणारे. संयोगिता त्या वेळी स्वयंपाकघरात असायची. कांदा चिरता चिरता तिला दोघांच्या गप्पा ऐकू यायच्या, आणि आठवड्यातली सगळी घाण त्या आवाजानं धुऊन निघतेय असं तिला वाटायचं. तुरुंगातलं ऐकून आलेल्या बाईला असं काहीतरी घरात लागतंच.

त्या रविवारी ती कांदा चिरायची थांबली आणि गॅलरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मोना गुडघ्यांमध्ये बसली होती. आबांचा डावा हात तिच्या डोक्यावर, उजव्या हातात फणी. ऊन पडलं होतं, तेलाचा वास येत होता. संयोगिताला काहीही वावगं दिसलं नाही. पण आपण बघतोय, हे तिच्या लक्षात आलं, आणि तेच भयंकर होतं. इतके रविवार तिनं हे नुसतं ऐकलं होतं. आज ती तपासत होती. एकटं पडलेलं मूल. दिवसभर बाहेर असणारी आई. घरातलाच, सगळ्यांच्या विश्वासातला, वयस्क पुरुष. स्वतःहून अंगावर घेतलेली काळजी. हे सगळं तिनंच फळ्यावर लिहून मुलांना शिकवलेलं होतं. आबांनी वर पाहिलं आणि विचारलं, काय गं, काय पायजे? ती म्हणाली काही नाही, आणि आत गेली. पाठीमागं मोना कशाला तरी खळखळून हसली, आणि ती कशाला हसली ते ऐकायला संयोगिता थांबली.

रात्रीची झोप गेली, जेवण गेलं, असं काही झालं नाही. ती शिकवत होती, जेवत होती, इस्त्रीचे कपडे देत होती. फक्त आत कुठंतरी एक बैठक चालू राहिली आणि ती बैठक तिला बंद करता येईना. समोर खुर्चीवर ती स्वतःच, पहिलीतली, डोळे वर ओढलेली. वडलांनी तुला गुडघ्यांमध्ये बसवलं. मग? तेल लावलं. मग? वेणी घातली. मग? रिबिनीचं फूल बांधलं. मग? मग शाळेत गेले. उडी आहे का कुठं? ती पुन्हा मागं जायची. सुतळी, गज, बनाबाईंच्या बांगड्या, लेथच्या तेलाचा वास, मानेवरची करंगळी. काही नव्हतं. खरोखरच काही नव्हतं. पण काही आठवत नाही, या उत्तराचं काय करायचं हेही तिनंच मुलांना शिकवलेलं होतं. ते उत्तर ती कधी ‘काही घडलं नाही’ असं मोजत नसे. अशानं त्या आठवणीचा पार चोळामोळा झाला. करंगळीचा स्पर्श आठवला की आता मान आपोआप आखडायची. सात नंबरनं तिच्याकडून काय नेलं ते तिला नीट कळलं होतं, आणि त्या माणसाला ते ठाऊकही नव्हतं.

विभागप्रमुख सुरेखा मॅडमना तिनं फोन केला. मॅडम जयसिंगपूरच्या, घरचा अडतीचा व्यापार सोडून या विषयात आलेल्या, बोलायला रोखठोक. त्या म्हणाल्या की हे होणारच होतं, या कामात पडलेल्या प्रत्येकाचं होतं, त्यांचंही झालं होतं. महिनाभर तुरुंगात जाऊ नकोस. आणि मुख्य म्हणजे घरात कुणाला काही विचारू नकोस. खरंच काही दिसलं तर मला सांग, मी दुसऱ्या कुणाला तरी पोरीशी बोलायला बसवते, पण तू बसू नकोस. संयोगिता हो म्हणाली. हो म्हणतानाच तिला माहीत होतं की ती विचारणार आहे.

शाळेतून आलेल्या मोनाला तिनं दूध दिलं आणि सहज विचारतेय असं दाखवत म्हणाली, काल आबांबरोबर काय काय केलंस? मोना सांगायला लागली. शाळेतनं आलो. मग? मग आबांनी बूट काढले. मग? मग रंकाळा तळ्यावर गेलो. मग? आईला एवढं ऐकायला वेळ आहे याचंच मोनाला अप्रूप वाटलं असावं. ती खुर्चीवर पाय हलवत, रंगवून रंगवून सांगत होती. आणि मग एकदम गप्प झाली. पाय हलायचे थांबले. संयोगिताचा आवाज तोच राहिला. हलका, सपाट. मग? मोना टेबलाकडं बघत म्हणाली, ‘ते आबा म्हणालाय आईला सांगायचं नाही.’

संयोगितानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मोना रडकुंडीला आली आणि आबा रागवेल म्हणाली, आणि लगेच म्हणाली नाही रागवणार. संयोगितानं तिला जवळ घेतलं. गुपित. आईला सांगायचं नाही. ज्या वाक्याशी येऊन तिच्या कामातला प्रत्येक कागद संपतो ते वाक्य तिच्या घरात, दुधाच्या पेल्याशेजारी, तिच्या पोरीच्या तोंडून आलं होतं.

आबा संध्याकाळी भाजी घेऊन आले. मोनाला तिनं खालच्या मजल्यावर खेळायला पाठवलं होतं. आबा पिशवीतून मेथीच्या जुड्या काढून टेबलावर ठेवत होते, पेठेत कोण भेटलं ते सांगत होते. ती समोरच्या खुर्चीवर बसली. वागायचं कसं ते तिनं काहीच ठरवलेलं नव्हतं, पण पाठ आपोआप ताठ झाली, हात मांडीवर गेले, आवाज खाली उतरला. सरावच होता तो.

‘आबा, मोनाला काय सांगू नको म्हणून सांगितलंत?’

आबांनी जुडी सोडायला घेतली होती ती तशीच राहिली. ते ओशाळं हसले. ‘सांगितलं व्हय कार्टीनं? चा पाजला गं. रंकाळ्यावर. अर्धा कप आन् खारी. तू चा देत न्हाईस तिला, म्हणून म्हटलं, आईला सांगू नको.’

‘मग?’

‘मग काय? पिली की.’

‘मग?’

‘मग आलो घरला.’

‘मग?’

आबांनी तिच्याकडं पाहिलं, आणि तिनं त्यांच्या चेहऱ्यावर एक गोष्ट उगवताना बघितली. गेल्या उन्हाळ्यात, तुरुंगातलं काम सुरू व्हायच्या आधी, तिनं ही रीत आबांवरच घटवली होती. याच टेबलाशी. आबा कैदी झाले होते, मोठ्या मजेत, हात बांधल्यासारखे करून बसले होते, आणि फायनलला आपल्या हातून सुटलेल्या गोलचा कबुलीजबाब त्यांनी दिला होता. मग? मग त्यानं कीक मारली. मग? मग मी उडी घेतली. मग? मग काय, बॉल गेला जाळ्यात. तेव्हा दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती, आणि आबा म्हणाले होते, तुझं हे मग-मग ऐकून दगडसुदिक बोलंल गं पोरी.

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग आवाज न चढवता म्हणाले, ‘संयोगिता, तू मला तिकडल्यावानी इचारालीयास व्हय?’

नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं. एवढंच करायचं होतं. नाही आबा, डोकं फिरलंय माझं, म्हणून त्यांच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं, आणि तसं तिला अगदी मनापासून वाटलंही. पण त्या क्षणीसुद्धा तिच्यातलं कुणीतरी शांतपणे बघत होतं की हा माणूस प्रश्न टाळून प्रश्न का विचारतोय. ‘नाही’ यायला उशीर झाला. अर्धा श्वास जेमतेम, पण गोलकीपरला तेवढा पुष्कळ असतो. आबांनी मान हलवली, मेथीची जुडी पुन्हा दोऱ्यानं बांधली, पिशवीत ठेवली, आणि आत गेले.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. चहाचं खरं होतं. रंकाळ्यावरच्या चहाच्या गाडीवाल्यानं दुसऱ्या दिवशी तिला ओळखलं आणि तुमचं वडील आन् पोरगी येत्यात की, खारी मागत्यात, असं आपणहून सांगितलं. म्हणजे ती तिथंही जाऊन आली होती, चौकशी करायला. रविवारी मोना फणी घेऊन आबांसमोर बसली तेव्हा ते म्हणाले, बोटं आखडल्यात, आईकडं जा. पुढच्या रविवारीही बोटं आखडलेलीच होती. संयोगिताला वेणी जमेना. तिला कधी कुणी शिकवलीच नव्हती. तिची स्वतःची वेणी लग्नाच्या दिवसापर्यंत आबांनीच घातलेली. दोन आठवड्यांनी ती मोनाला पार्लरमध्ये घेऊन गेली आणि केस खांद्यापर्यंत कापून आणले, उवा होतात म्हणून. आबांनी पाहिलं, छान दिसतंय म्हणाले, आणि गॅलरीतला पाट उचलून बाथरूमच्या मागं उभा करून ठेवला. धैर्यशील आला तेव्हा त्यानं विचारलं, आबा गप्प का? ती म्हणाली वय झालंय. मोनाच्या खोलीत आबा आता जात नसत. दारात उभे राहून बोलत. मोना टीव्ही बघताना त्यांच्या अंगावर रेलली की ते पाणी प्यायला उठत. इतक्या बारकाईनं, एवढ्या सभ्यपणानं त्यांनी स्वतःला घरातून मागं घेतलं की तिला बोट ठेवायला जागा मिळेना. आणि ती हे सगळं पाहत होती, बैठकीत पाहावं तसं, एकही तपशील न गाळता.

महिन्यानं ती पुन्हा तुरुंगात गेली. तोच पंखा, तीच खोळ घातलेली पेटी. सात नंबर येऊन बसला, धोतर सावरलं, आणि आपुलकीनं म्हणाला, ‘वडील बरं हैत न्हवं, बाई?’ त्या माणसाच्या डोळ्यांत खरीच चौकशी होती. आपला कोणी दूरचा पावणा असावा तशी. तिनं रेकॉर्डर चालू केला.

त्याच आठवड्यात शनिवारी, उन्हं उतरताना, ती गॅलरीत कपडे काढत होती. खाली बिल्डिंगच्या आवारात मोना नवी सायकल चालवत होती आणि आबा भिंतीशी उभे होते. मोना आबा बघ, आबा बघ म्हणत वळली, पुढचं चाक वाळूवर गेलं, आणि ती पडायला लागली. आबांच्या अगदी समोर. संयोगितानं वरून स्वच्छ पाहिलं. त्यांचे गुडघे वाकले, खांदा पुढं झाला, सगळं अंग चेंडूवर झेप घ्यावी तसं सुटलं. इतक्या वर्षांनीही सुटलं. आणि मग त्यांनी ते आवरलं. हात पुढं आले होते ते मागं गेले. पाठीमागं एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून ते ताठ उभे राहिले, आणि त्यांच्या पायांपाशी पोरगी सायकलीसकट सिमेंटवर आपटली.

‘संयोगिता,’ त्यांनी वर न बघता हाक मारली. ‘ये गं लवकर. पोरगी पडलीया.’

ती धावत जिना उतरली. मोनाचा गुडघा सोलला होता, हनुवटीला रक्त होतं, आणि ती संयोगिताकडं न बघता आबांकडं दोन्ही हात पसरून रडत होती. आबा बघत होते. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते पुसायलासुद्धा त्यांनी हात पुढं आणला नाही.

‘आबा, घ्या की तिला,’ संयोगिता म्हणाली.

‘तू घे. तू हाईस न्हवं.’

तिनं मोनाला उचललं. मोनानं आईच्या खांद्यावरून पुन्हा हात लांब केला आणि आबांच्या सदऱ्याची बाही पकडली; बाही मुठीतून हळूच निसटली. आता बोलायला हवं होतं. माझं चुकलं, एवढं तरी. संयोगिताच्या घशापर्यंत ते आलंही. पण तिची नजर त्या मागं धरलेल्या हातांवर गेली, पांढऱ्या पडलेल्या मनगटावर, वाकड्या करंगळीवर, आणि तिच्या मनात आलं की निर्दोष माणूस हात असेच धरील, आणि दोषी माणूसही असेच धरील. हा विचार आला त्याची तिला इतकी किळस वाटली की तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांआड, अगदी हलक्या आवाजात, रागलोभ काही नसलेल्या, तिनं स्वतःलाच विचारताना ऐकलं, मग?

मोना रडत होती. आबा सायकल उभी करायला खाली वाकले, कारण सायकलीला हात लावायला हरकत नव्हती.